पुरस्कारासाठी नाटक बघायचं, की त्याचं रेकॉर्डिंग?

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी आम्हा परीक्षकांना एकांकिकांची रेकॉर्डिंगं घरी पाठवली होती. त्यातल्या एकीला मी शंभरपैकी ५८ गुण दिले आणि शेरा मारला, ‘प्रकाशयोजना ढोबळ, मधला भाग रेंगाळतो.’ दुसऱ्या एका संघाला ७९. बाकी दोघा परीक्षकांनी जरा सढळ हाताने गुण दिल्यामुळे ५८ वाली एकांकिका कशीबशी अंतिम फेरीत आली, आणि तिथे ती प्रत्यक्ष बघताना मी खुर्चीत ताठ बसलो. रेंगाळणारा म्हणून ज्याला मी गुण कापले होते तो मधला भाग म्हणजे चार पात्रांचं न बोलता चाललेलं भांडण होतं. मागच्या रांगेत ठेवलेल्या एकुलत्या एक कॅमेऱ्याला त्यातलं काही दिसलंच नव्हतं. ७९ वाला संघ प्रत्यक्षात वाईट नव्हता, साधारण होता. त्यांच्याकडे तीन कॅमेरे होते आणि एक हुशार संकलक. मी गुण त्या संकलकाला दिले होते.

हे लिहितोय ते पुरस्कार किंवा स्पर्धा चालवणाऱ्यांसाठी. परीक्षकांना प्रयोगाला पाठवायचं, रेकॉर्डिंगवर भागवायचं, की दोन्हीची सांगड घालायची, हा निर्णय त्यांना घ्यायचा असतो. माझा कल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तो वजा करता येईल. संहितेचा पुरस्कार असेल तर रेकॉर्डिंग चालतं. चाळणी लावण्यासाठी अटी घालून चालतं. अभिनय, दिग्दर्शन आणि प्रकाशयोजना यांच्या अंतिम निकालासाठी चालत नाही. आणि एकाच विभागात काही नाटकं प्रत्यक्ष, काही पडद्यावर, असं तर कधीच चालत नाही.

‘रेकॉर्डिंग’ म्हणजे कोणतं?

या वादात निम्मा गोंधळ या एका शब्दाचा आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत १९७० साली बेटी कॉर्विन यांनी नाटकांच्या चित्रीकरणाचा संग्रह सुरू केला. तिथली रेकॉर्डिंगं संशोधनासाठी असतात आणि ग्रंथालयातच बसून बघावी लागतात. त्यांचा हेतू नोंद ठेवण्याचा. ब्रिटनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये हेलन मिरेन यांच्या ‘फेद्र’पासून सिनेमागृहांत थेट प्रक्षेपण सुरू केलं, तो प्रकार वेगळा. तिथे अनेक कॅमेरे असतात, कुठला शॉट कधी घ्यायचा हे आधी ठरलेलं असतं, पण प्रयोग एकच असतो आणि समोर प्रेक्षक असतात. तिसरा प्रकार ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकाचा. जून २०१६ मध्ये तीन दिवसांत त्याचं चित्रीकरण झालं. काही भाग भरलेल्या नाट्यगृहातल्या प्रयोगांचा, काही शॉट प्रेक्षक नसताना कॅमेरा रंगमंचावर नेऊन घेतलेले. पडद्यावर दिसतो तो प्रयोग तसाच्या तसा कुठल्याही एका संध्याकाळी झालेला नाही.

नाटकाला पुरस्कार देणारे कशाला पुरस्कार देतात? एका संचाने एका वेळेत, एका जागेत, माघार न घेता पार पाडलेल्या गोष्टीला. चुकलं तर सावरून पुढे जायचं, हा त्या कौशल्याचाच भाग. तीन दिवसांतले उत्तम तुकडे जोडून केलेलं चित्रीकरण कितीही देखणं असलं तरी त्यात ही जोखीम उरत नाही. पहिल्या प्रकारात ती उरते, पण बाकी फारसं काही दिसत नाही.

पुरस्कार देणाऱ्यांनाही हे कोडं सुटलेलं नाही. रंगमंचावरच्या ‘हॅमिल्टन’ला २०१६ मध्ये ११ टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांना दिले जाणारे पुरस्कार, मिळाले. ३ जुलै २०२० ला त्याचं चित्रीकरण ओटीटीवर आलं आणि प्रत्येक दारी त्याला वेगळं नाव मिळालं. ऑस्करच्या नियमांत रंगमंचीय प्रयोगाचं चित्रीकरण बसत नाही, म्हणून तिथे प्रवेशच नाही. गोल्डन ग्लोबने त्याला चित्रपट मानून नामांकन दिलं. टीव्हीसाठीच्या एमीने २०२१ मध्ये ‘पूर्वमुद्रित व्हरायटी स्पेशल’ म्हणून पुरस्कार दिला. त्याच ऑस्करने १९७५ च्या ‘गिव्ह ’एम हेल, हॅरी’ या चित्रित एकपात्री प्रयोगासाठी जेम्स व्हिटमोर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन दिलं होतं, ही गंमत वेगळीच. ज्या वस्तूला नेमकं काय म्हणायचं यावर इतक्या अनुभवी संस्थांचं एकमत नाही, तिला ‘नाटकाऐवजी’ म्हणून वापरताना आपण जरा बिचकलेलं बरं.

खुर्ची आणि कॅमेरा, विभागवार

संहितेपासून सुरुवात करू, कारण तिथे फार वाद नाही. नाटक लिहिलेलं कसं आहे हे वाचूनही कळतं, आणि साध्या रेकॉर्डिंगवरून संवाद तोंडात कसे बसतात तेही कळतं. जेम्स आइम्स यांच्या ‘फॅट हॅम’ला २०२२ चं पुलित्झर मिळालं, तेव्हा त्याची फिलाडेल्फियाच्या विल्मा थिएटरने चित्रित केलेली, ऑनलाइन दाखवलेली निर्मितीच तेवढी झाली होती. प्रेक्षागृहात बसून ते कुणी बघितलेलं नव्हतं. ब्रॉडवेवर ते आलं २०२३ मध्ये. यावर फारशी बोंब झाली नाही, कारण पुलित्झर नाटककाराला मिळतं.

अभिनयाकडे आलं की प्रश्न चिघळतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला नट आवाज, हात, मान, सगळंच थोडं मोठं करतो. दहा मीटरवरून ते बरोबर मापात असतं. क्लोजअपमध्ये तोच नट आरडाओरडा करणारा वाटतो. उलट, ज्याचा आवाज सहाव्या रांगेच्या पुढे जात नाही, तो छातीवरच्या मायक्रोफोनमुळे आणि जवळच्या कॅमेऱ्यामुळे ‘संयत’ ठरतो. रंगभूमीवरचा दोष पडद्यावर गुण होतो. बरं, हा फरक सगळ्यांना सारखा बसत नाही, नाहीतर सरसकट पाच गुण वाढवून मोकळं होता आलं असतं. नाट्यगृहाच्या मापाने काम करणाऱ्याला तो मारतो आणि कॅमेऱ्याच्या मापाने करणाऱ्याला तारतो.

त्यातही सगळ्यात जास्त नुकसान होतं ते न बोलणाऱ्या नटाचं. दुसरा बोलत असताना ऐकणं हे रंगमंचावरच्या कामातलं निम्मं काम. कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो. सहायक भूमिकेच्या पुरस्कारासाठी अनेक कॅमेऱ्यांचं संकलित रेकॉर्डिंग बघणं म्हणूनच मला जवळजवळ निरर्थक वाटतं. ज्याला आपण गुण देतोय तो चौकटीत किती वेळ आहे, हे तिसऱ्याच माणसाने ठरवलेलं असतं.

दिग्दर्शनाचंही तेच. प्रेक्षकाचा डोळा कुठे जावा हे दिग्दर्शक रचनेतून ठरवतो. कुणाला पुढे उभं करायचं, कुणाला पाठ फिरवून, कुठला कोपरा अर्ध्या अंधारात ठेवायचा. डाव्या विंगेजवळ एक बाई कपडे घड्या घालत बसली आहे, उजवीकडे दोघं वाटणीबद्दल भांडतायत, आणि भांडण ऐन भरात आल्यावर तिचे हात थांबतात. हे थांबणं प्रेक्षकाने स्वतः शोधलं तर त्याचा अर्थ लागतो. संकलकाने कट करून दाखवलं की ते सांगितलं जातं. दुसऱ्या बाजूला, लांबून टिपलेल्या एकाच स्थिर चौकटीत ते दिसतं खरं, पण दिसण्याइतकं मोठं नसतं. लांब भिंगाने टिपलं की पात्रांमधलं अंतरही चेपलं जातं. रंगमंचावर एक अगदी पुढे, एक अगदी मागे उभे असलेले नवरा-बायको हातभर अंतरावर वाटतात आणि ज्या अंतरासाठी दिग्दर्शकाने सगळा प्रवेश उभा केला तेच नाहीसं होतं.

प्रकाशयोजनेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिच्यावर होणारा अन्याय कुणाच्या लक्षातच येत नाही. माणसाचा डोळा अंधाराला सरावतो. दहा सेकंदांच्या ब्लॅकआऊटनंतर एका मेणबत्तीएवढा उजेडही त्याला पुरतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याला तेजाची मर्यादित पट्टी एका वेळी टिपता येते. उजेडातला चेहरा नीट दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं तर मागची अंधारातली आकृती काळ्यात बुडते. अंधार उजळवला तर चेहरा पांढराफटक पडतो. कॅमेरा ऑटोवर सोडला असेल तर विचारूच नका. प्रकाशयोजनाकाराने चाळीस सेकंद घेऊन हळूहळू उतरवलेला उजेड कॅमेरा तितक्याच इमानदारीने वर चढवत राहतो, आणि पडद्यावर काहीच घडत नाही. एलईडी दिव्यांचा गडद निळा किंवा किरमिजी रंग अनेक कॅमेऱ्यांत सपाट डाग होऊन येतो. मंद केलेल्या एलईडीची लुकलुक डोळ्याला जाणवत नाही, पण शटरशी तिचा मेळ बसला नाही तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. वर ही फाइल इंटरनेटवरून पाठवण्यासाठी दाबली की अंधाऱ्या प्रवेशात चौकोनी ठोकळे उमटतात. माझ्या त्या ‘ढोबळ प्रकाशयोजने’ची गोष्ट हीच होती.

ध्वनीची तऱ्हा आणखी अवघड, कारण प्रत्यक्ष बघूनही ती परीक्षकांना नीट जोखता येत नाही. टोनीने ध्वनिसंयोजनाचा पुरस्कार २००८ मध्ये सुरू केला, २०१४ मध्ये बंद केला आणि २०१७–१८ च्या हंगामापासून परत आणला. बंद करताना जी कारणं चर्चेत आली त्यात एक हेही होतं, की मत देणाऱ्या अनेकांना या कामाचं मूल्यमापन कसं करायचं हेच कळत नाही. आता हीच मंडळी लॅपटॉपच्या स्पीकरवर नाटक ऐकतायत अशी कल्पना करा. प्रेक्षागृहाच्या मागून येणारा गाडीचा आवाज आणि रंगमंचामागून येणारा रडण्याचा आवाज, दोन्ही त्याच दोन इंचांतून येणार. हेडफोन लावले तरी ऐकू येतं ते रेकॉर्डिंग करणाऱ्याचं मिश्रण.

नेपथ्य आणि वेशभूषा मात्र रेकॉर्डिंगवर बऱ्यापैकी जोखता येतात. सोबत फोटो आणि आराखडे मागवले तर अधिकच. कापडाचा पोत क्लोजअपमध्ये उलट चांगला दिसतो, जरी तो तसा दिसावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

समोर कुणी नसेल तर

नाटकाचं परीक्षण ही आजकालची गोष्ट नाही. प्राचीन अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवात नाटकांची स्पर्धा असे आणि निकाल देणारे दहा जण चिठ्ठ्या टाकून निवडले जात. भरताच्या नाट्यशास्त्रात तर सत्ताविसावा अध्याय याच विषयावर आहे. प्रयोगाची सिद्धी कशी ओळखायची, परीक्षक म्हणजे प्राश्निक कोण असावेत, विजेत्याला पताका कशी द्यायची, सगळं त्यात आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली लाखमोलाची गोष्ट अशी, की तिथे प्रेक्षकांची प्रतिक्रिया हाच पुरावा मानला आहे. स्मित, अर्धं हसू, खदखदून हसणं, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, अंगावर रोमांच, आसनावरून उठणं, ही मानुषी सिद्धी. त्याहून वरची ती दैवी. तिचं लक्षण काय? रंगस्थान पूर्ण भरलेलं आहे आणि आवाज नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही.

भरलेल्या नाट्यगृहातली शांतता. ही गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये मावत नाही, कारण मायक्रोफोनला आठशे माणसांनी श्वास रोखल्याची शांतता आणि रिकाम्या खोलीची शांतता यांत फारसा फरक कळत नाही. खुर्चीत बसलेल्या परीक्षकाला तो मानेमागे जाणवतो.

विनोदी नाटकात हे उघडं पडतं. नट हशा येईपर्यंत थांबतो, हशा शिगेला जाऊन उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. हे टायमिंग प्रेक्षकांशी मिळून घडतं. ‘डायना’ हे संगीत नाटक सप्टेंबर २०२० मध्ये रिकाम्या नाट्यगृहात चित्रित झालं आणि १ ऑक्टोबर २०२१ ला नेटफ्लिक्सवर आलं, म्हणजे ब्रॉडवेवर रीतसर उघडण्याच्याही आधी. त्या चित्रीकरणाला वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांसाठी दिले जाणारे ५ रॅझी मिळाले. रंगमंचावर ते १७ नोव्हेंबरला उघडलं आणि १९ डिसेंबरला बंद पडलं. टोनीला वेशभूषेचं एक नामांकन मिळालं. नाटक मुळातच फसलेलं असेल, त्याचा बचाव मला करायचा नाही. पण हशासाठी सोडलेल्या जागा रिकाम्या प्रेक्षागृहात चित्रित करून त्यावर निकाल द्यायचा, हे पाण्याशिवाय पोहण्याची परीक्षा घेण्यासारखं आहे.

आता माझ्या बाजूला न मानवणारी एक नोंद. ‘फेद्र’च्या प्रक्षेपणाचा ब्रिटनच्या नेस्टा या संस्थेने अभ्यास केला. त्यात सिनेमागृहातल्या प्रेक्षकांनी नाट्यगृहातल्या प्रेक्षकांपेक्षा जास्त भावनिक गुंतवणूक नोंदवली. म्हणजे पडद्यावर नाटक पोहोचतच नाही, हे म्हणणं टिकत नाही. ते पोहोचतं. पण ते प्रेक्षक अंधाऱ्या सिनेमागृहात, मोठ्या पडद्यासमोर, शेकडो लोकांबरोबर, तोच क्षण घडत असताना बघत होते. रात्री साडेअकराला, सहावं रेकॉर्डिंग, मांडीवर लॅपटॉप, मधे फोन, ‘थोडं पुढे ढकलू या’ अशा अवस्थेतल्या परीक्षकाला ही नोंद लागू होत नाही. तो परीक्षक मीही झालो आहे. दीडपट वेगाने बघण्याचं बटण मी दाबलेलं नाही. हात मात्र तिकडे गेला होता.

प्रत्यक्ष प्रयोगही काही धुतल्या तांदळासारखा नाही

रेकॉर्डिंगचे दोष मोजताना आपण गृहीत धरतो की समोरचा पर्याय निर्दोष आहे. तसं नाही. पाच परीक्षक पाच वेगळ्या रात्री गेले तर ते पाच वेगळे प्रयोग बघतात. एकाच्या रात्री मुख्य नटाचा घसा बसलेला असतो, दुसऱ्याच्या रात्री बदली नटी, तिसऱ्याच्या पुढच्या रांगेत उंच माणूस. प्रयोग मोजकेच असतील तर काही परीक्षक पोहोचतच नाहीत, आणि मग ज्यांनी बघितलं त्यांच्या मतावर किंवा नाटकाभोवतीच्या बोलबाल्यावर निकाल ठरतो. लांबच्या, कमी साधनांच्या, चारच प्रयोग करणाऱ्या संघाला ‘प्रत्यक्षच बघू’ हा आग्रह स्पर्धेबाहेर ठेवतो. ऐकू कमी येणाऱ्या किंवा फार प्रवास न झेपणाऱ्या परीक्षकालाही.

टोनीचा २०१९–२० चा हंगाम आठवा. मत देणाऱ्यांनी त्या त्या विभागातली सगळी नामांकित नाटकं बघितलेली असावीत, अशी तिथली अट. १२ मार्च २०२० ला ब्रॉडवे बंद झालं, आणि पात्रतेची मुदत मागे घेऊन १९ फेब्रुवारीवर आणली गेली, कारण त्यानंतर उघडलेली नाटकं पुरेशा मतदारांनी बघितलेली नव्हती. २० फेब्रुवारीला उघडलेलं ‘वेस्ट साइड स्टोरी’ एका दिवसाने बाहेर राहिलं आणि नंतर पुन्हा सुरूच झालं नाही. ५ मार्चला उघडलेलं ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ही वगळलं गेलं. ते पुन्हा सुरू झालं आणि २०२२ मध्ये वाद्यवृंदरचनेचा टोनी घेऊन गेलं. उरली १८ नाटकं. संगीत नाटकातल्या प्रमुख अभिनेत्याच्या विभागात एकटे ॲरन ट्वेट. मतदान झालं मार्च २०२१ मध्ये आणि समारंभ २६ सप्टेंबर २०२१ ला.

म्हणजे मतदारांनी जे बघितलं त्याला मत देताना वर्ष उलटून गेलं होतं. एरवीही हंगामाच्या सुरुवातीला बघितलेल्या नाटकाला आपण सात-आठ महिन्यांनी गुण देतो. खरी तुलना अनेकदा ‘प्रत्यक्ष विरुद्ध रेकॉर्डिंग’ नसते. ती असते ‘आठवण विरुद्ध रेकॉर्डिंग’, आणि आठवण अलीकडच्या नाटकाच्या बाजूने झुकते हे प्रत्येक परीक्षकाला मनातून माहीत असतं. यावर उपाय पडद्यावर नाटक बघणं हा नाही. त्याच रात्री, घरी जायच्या आधी गुण आणि कारणं लिहून बंद करायची. रेकॉर्डिंग असलंच तर चर्चेच्या वेळी विसरलेलं आठवायला, वाद मिटवायला. ‘तो प्रवेश उजवीकडून होता की डावीकडून’ यावर आमची एकदा वीस मिनिटं गेली आहेत.

पैशाचा झुकाव

प्रत्यक्ष प्रयोगातला अन्याय बराचसा नशिबाचा असतो, रेकॉर्डिंगमधला पैशाचा. नशीब निदान फिरतं. चांगल्या कॅमेऱ्यांचा संच, ध्वनीची वेगळी नोंद, संकलन, रंगदुरुस्ती हे ज्याला परवडतं त्याला ते दर वर्षी परवडतं. आणि परीक्षक म्हणून आपण त्यापासून अलिप्त राहू, हा भ्रम आहे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ मध्ये संगीत स्पर्धांबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुसता आवाज ऐकवला किंवा आवाजासह चित्रफीत दाखवली, त्यापेक्षा आवाज बंद करून चित्रफीत दाखवली तेव्हा लोकांनी स्पर्धेतला विजेता जास्त अचूक ओळखला. त्यात व्यावसायिक संगीतकारही होते. संगीताच्या निकालातही डोळा कानाला इतका ढकलतो, तर देखण्या चित्रीकरणाने आपलं मत हलणार नाही असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

संगीतवाल्यांनी यातून काढलेला मार्ग मात्र व्यवहारी आहे. वॉर्सातल्या शोपँ पियानो स्पर्धेत अर्जासोबत चित्रफीत मागवतात, तिच्यावरून निवडलेले प्राथमिक फेरीला समोर येऊन वाजवतात, आणि पुढचं सगळं प्रत्यक्ष. चित्रफितीने दार उघडतं, बक्षीस मिळत नाही.

रेकॉर्डिंग घ्यायचंच ठरलं तर

मग अटी कडक ठेवा, आणि त्या श्रीमंत संघाला खाली आणणाऱ्या असू द्या. एकच कॅमेरा, हलवायचा नाही, पूर्ण रंगमंच चौकटीत, प्रेक्षागृहाच्या मध्यावरून. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत एकही कट नाही. समोर प्रेक्षक हवेत, त्यांचे आवाज पुसायचे नाहीत. ध्वनी प्रेक्षागृहातल्या मायक्रोफोनवरून, नटांच्या छातीवरून नाही. संघांना ही अट आवडत नाही, नाटक ‘दिसत नाही’ म्हणतात. बरोबर आहे, पण सगळ्यांचं सारखंच दिसत नाही, आणि परीक्षकाला आपण काय बघत नाही आहोत हे माहीत असतं. गुळगुळीत संकलनात तेच लपतं.

परीक्षकांनी एकत्र, अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, न थांबवता बघावं. घरी पाठवलेल्या दुव्यांवर माझा विश्वास उरलेला नाही, स्वतःवर तर त्याहून नाही. गुणपत्रिकेत प्रत्येक घटकापुढे ‘यावरून ठरवता येत नाही’ असा रकाना ठेवा. आमच्या त्या फेरीत तो असता तर प्रकाशयोजनेपुढे मी खूण करून मोकळा झालो असतो. नव्हता, म्हणून मी दहापैकी चार लिहिले.

परवानग्यांचं आधी बघा. नाटककार, संगीतकार, नट, तंत्रज्ञ यांनी प्रयोगाला दिलेली संमती चित्रीकरणाला आपोआप लागू होत नाही. कोण बघणार, किती दिवस, नंतर फाइल पुसणार की ठेवणार, हे लेखी हवं. चालू नाटकाचं रेकॉर्डिंग बाहेर फुटलं तर नुकसान संघाचं होतं, आयोजकांचं नाही.

तुमची स्पर्धा कुठली?

नाटककाराला पुरस्कार देत असाल तर संहिता वाचा, जोडीला रेकॉर्डिंग बघा, प्रवासखर्च वाचवा.

प्रवेशिका भरपूर आणि अंतिम फेरी प्रत्यक्ष असेल, तर वरच्या अटींवर रेकॉर्डिंगने चाळणी लावा, पण चाळणी सैल ठेवा. सहा संघ घ्यायचे असतील तर आठ घ्या. रेकॉर्डिंगवरच्या गुणांत ठरावीक फरकाच्या आत असलेल्या संघांना मी सरळ बरोबरीचे धरतो, आणि अंतिम फेरीत ते गुण अजिबात पुढे नेत नाही.

वर्षभरातल्या व्यावसायिक निर्मितींना अभिनय-दिग्दर्शनाचे पुरस्कार देत असाल तर परीक्षक प्रयोगालाच जायला हवेत. सगळ्यांना सगळं बघणं शक्य नसेल तर परीक्षकांची संख्या कमी करा आणि प्रत्येकाला जास्त नाटकं द्या. पंधरा जणांनी अर्धवट बघण्यापेक्षा पाच जणांनी पूर्ण बघितलेलं बरं. एखाद्या नाटकाचा प्रयोग हुकला म्हणून त्या परीक्षकाला तेवढ्यापुरती फाइल पाठवावी, ही तडजोड सगळ्यात मोहाची आणि सगळ्यात घातक. त्या नाटकाला त्या परीक्षकाकडून बाकीच्यांपेक्षा वेगळ्या फूटपट्टीचे गुण मिळतात, आणि बेरजेत ते दिसतही नाही. त्यापेक्षा त्याला त्या विभागात मत देऊ नका म्हणावं.

पडद्यासाठीच केलेलं नाटक असेल, म्हणजे कॅमेरा हाच ज्याचा प्रेक्षक, तर त्याला वेगळा विभाग द्या आणि तिथे संकलक व छायालेखकाचं नावही पुरस्कारावर घाला. माझे ते ७९ गुण त्या विभागात अगदी योग्य ठरले असते.

उरले ते लांबचे, चार प्रयोगांचे छोटे संघ. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंगची सवलत काढण्याऐवजी दोन परीक्षक त्यांच्या गावी पाठवण्याचा खर्च काढून बघा. समारंभाच्या मंचसजावटीच्या बिलाशेजारी तो ठेवला, की निर्णय बहुधा तिथेच होतो.